तिसरा पिस्टन १.४ मिलिमीटर खाली: पाणी ओढलेल्या एका डिझेल इंजिनाचं प्रकरण

गुरुजींची गाडी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आली, ती चालत आली. हे आधीच सांगतो, कारण या प्रकरणातला सगळा घोळ तिथंच आहे. टोचन करून आणलेली, इंजिन जाम झालेली गाडी असती तर निदानाला अर्धा तास पुरला असता. ही गाडी खानापूरहून बेळगावला आपल्या चाकांवर आली आणि माझ्या दारात व्यवस्थित बंद झाली. पुन्हा सेल्फ मारला तर चालूही झाली.

गुरुजी म्हणाले, "मेस्त्री, तशी बरी चालूलीय गाडी. फक्त सकाळी थरथरूलीय आणि पांढरा धूर सोडूलीय. हिटर प्लग गेले असतील काय?" हिटर प्लग म्हणजे थंड डिझेल इंजिन चालू व्हावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे प्लग.

गुरुजी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर गणित शिकवलं. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. बरोबर त्यांचा भाचा होता. गाडी एरवी तोच चालवतो, पण त्या दिवशी तो डाव्या सीटवरून उतरला आणि एक शब्दही बोलला नाही. ते मला तेव्हा नीटसं लक्षात आलं नाही, पुढं कळलं.

गाडीत १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल. हे इंजिन आपल्या भागात घरोघरी पोचलेलं आहे. लक्षणं ऐकून कुणालाही हिटर प्लग किंवा इंजेक्टरच वाटेल, मलाही तेच वाटलं. पण ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून चहाच्या सायीसारखा पिवळट थर होता. विचारलं, "गाडी पाण्यातून नेली होती काय?" दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

गॅरेजमध्ये पहिल्या झटक्यात सांगितलेली हकीकत कधी पुरी नसते. लोक खोटं बोलतात असं नाही. जे त्यांना महत्त्वाचं वाटत नाही ते राहून जातं, आणि नेमकं तेच आम्हाला हवं असतं. या गाडीची हकीकत मला तीन वेळा विचारून जुळवावी लागली.

जुलैची संध्याकाळ. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या अंगाला पाऊस लागला की खालच्या प्रत्येक ओढ्याला पाणी येतं. गावाजवळच्या मोरीवरून पाणी वाहत होतं, भाच्याच्या म्हणण्याप्रमाणं गुडघ्याला थोडं कमी. पुढची जीप पार झाली म्हणून यानंही गाडी घातली. मोरीच्या मध्यावर इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. यानं सेल्फ मारला. पहिल्यांदा थोडं फिरलं, दुसऱ्यांदा "ठक्" आवाज आला आणि फिरेना. लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या गावाहून फिटर आला. त्यानं हिटर प्लग काढून सेल्फ मारला, पाण्याची पिचकारी बॉनेटला जाऊन लागली. ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, इंजिन चालू झालं. त्यानंतर तीन आठवड्यांत गाडी सहाशे किलोमीटर फिरली.

पहिल्या दोन वेळी मला एवढंच सांगण्यात आलं. संध्याकाळ ते फिटर येईपर्यंत मध्ये आणखी काहीतरी घडलं होतं. ते तिसऱ्या वेळी बाहेर आलं, त्याकडं येतोच.

आधी पाणी आत गेल्यावर नेमकं काय बिघडतं ते सांगतो. "इंजिनात पाणी गेलं" म्हटलं की लोकांना गंज आठवतो, किंवा वायरिंग. गंज नंतरचा. पहिला घाव जागेचा असतो. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८२, म्हणून एका सिलिंडरचं आकारमान ३१२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली जागा किती पटीनं आकसते तो आकडा, १७.६. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या माथ्यावर हवेसाठी उरणारी जागा जेमतेम १९ सीसी. घरातला चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरला तर चार चमचेही नाहीत. हवा दबते, पाणी दबत नाही. चार चमच्यांहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वरपर्यंत पोचूच शकत नाही. तरीही मागून जोर लागत राहिला तर वाकायला एकच गोष्ट असते, कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी, इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा दांडा. १२०० सीसीच्या आसपासच्या, चार सिलिंडरच्या, ११ रेशोच्या पेट्रोल इंजिनात ही जागा तीस सीसीच्या घरात असते. म्हणून त्याच मोरीत पेट्रोल गाडी कधी वाचते आणि डिझेल मरते.

आयडलला इंजिन मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांवर फिरत असेल तर एक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला सात वेळा श्वास घेतो. हवेची तोटी क्षणभर पाण्याखाली गेली तरी काम झालं. पाण्यात गाडी जोरात घातली की पुढं लाट उठते, आणि गुडघ्याएवढं पाणी बंपरच्या वर येतं. मोरीवरच्या पाण्याची खोली आणि तोटीपाशी पोचणाऱ्या पाण्याची उंची या वेगळ्या असतात. पुढची जीप गेली याचा अर्थ जीपची तोटी उंच आहे, एवढाच.

यावरून २०१९चा ऑगस्ट आठवतो. त्या पुरात बेळगावात कितीतरी गाड्या दारात उभ्या उभ्या बुडाल्या. त्यातल्या ज्यांना कुणी सेल्फ मारला नाही, त्यांची इंजिनं पाणी काढून, दोनतीनदा ऑइल बदलून परत उभी राहिली. सीट, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांचा खर्च झाला तो झाला, पण रॉड सरळ होते. इंजिन फिरत असताना पाणी ओढलं तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

आता तपासणी. स्कॅनर लावला तर तिसरा सिलिंडर कमी काम करतोय असं दिसलं. तिसऱ्या इंजेक्टरचं कनेक्शन थंड इंजिनावर काढलं तर आवाजात काही फरक पडेना. बाकीच्यांचं काढलं की इंजिन लगेच ढेपाळायचं. इंजेक्टर एक आणि तीन अदलाबदल करून बघितले, दोष तिसऱ्यातच राहिला, म्हणजे इंजेक्टर नाही. हिटर प्लग चारही चांगले. मग त्या भोकांतून कॉम्प्रेशन गेज लावला: २७, २६.५, २०, २७ बार.

वीस बार बघून घाईनं "रिंग गेली" किंवा "व्हॉल्व्ह गळतोय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पेट्रोल इंजिनात अशा वेळी सिलिंडरमध्ये थोडं ऑइल ओतून पुन्हा कॉम्प्रेशन घेतात, वाढलं तर रिंगचा दोष. डिझेलला हे करू नका, माझी कळकळीची विनंती आहे. वरची जागाच १९ सीसी. पाण्यानं जे केलं तेच तुमचं ऑइल करील.

मी लीकडाउन केलं. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, क्रँक धरून ठेवून हिटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती गळते ते दुसऱ्या गेजवर बघायचं. तिसऱ्या सिलिंडरची गळती इतर तिघांएवढीच निघाली. सायलेन्सरमध्ये फुसफुस नाही, ऑइलच्या झाकणातून नाही, एअर फिल्टरच्या पाइपातून नाही.

निदान या ठिकाणी होतं. हवा गळत नाही, तरी दाब कमी. मग दाब कमी का? तर वरची जागा वाढली म्हणून. आणि जागा वाढते एकाच कारणानं, पिस्टन पूर्वीएवढा वर येत नाही. रॉड आखूड झालाय. म्हणजेच वाकलाय.

गुरुजींना सांगितलं, हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा माथा, उघडावं लागेल. त्यांना ते पटेना, आणि मी त्यांना दोष देत नाही. गाडी चालते, धूर फक्त सकाळी, ॲव्हरेज थोडं पडलंय, आणि हा माणूस इंजिन खोलायचं म्हणतोय. "हिटर प्लग नवे घालून बघूया की आधी" असं ते दोनदा म्हणाले. मी नाही म्हटलं. चांगले प्लग काढून नवे घातले असते तर मला पैसे मिळाले असते आणि गाडी तशीच परत गेली असती. वाकलेला रॉड आहे तिथं थांबत नाही. तो पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात एका बाजूनं बोअरवर दाबतो, बेअरिंग एका कडेनं खातो, आणि वाकला त्या जागी धातू थकत जातो. मग एक दिवस तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. तो दिवस चोर्ला घाटात रात्रीचा असू शकतो, गाडीत कोण बसलंय हे तो बघत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं आणि कॉम्प्रेशनचे चारही आकडे कागदावर लिहून दिले. आकडे बघून ते गप्प झाले. म्हणाले, "उघडा."

हेड उतरवलं. डायल गेज ब्लॉकच्या माथ्यावर बसवून चारही पिस्टन आपापल्या सर्वांत वरच्या जागी मोजले. एक, दोन आणि चार एकमेकांशी पाच शतांश मिलिमीटरच्या आत. तिसरा १.४ मिलिमीटर खाली. बोअरच्या वरच्या कडेला जो कार्बनचा पट्टा असतो तो तिसऱ्यात जास्त रुंद दिसत होता, कारण वरची रिंग आता तिथपर्यंत पोचतच नव्हती. नव्या गेजवर विश्वास नसलेल्या जुन्या माणसालाही हा पट्टा डोळ्यांनी दिसतो.

गुरुजी बाकड्यावर बसून बघत होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच कागदाच्या मागं हिशेब मांडला. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.१४, म्हणजे ५.३ सीसी जागा वाढली. १८.८ची २४.१ झाली. रेशो १७.६वरून १४वर आला. मग त्यांनी मलाच विचारलं, "मग गेज वीसच्या आसपास दाखवणार, बरोबर काय?" बरोबरच होतं. इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण दाबाचा आकडा आणि डायल गेजचा आकडा असे एकमेकांना भेटताना कुणी शेजारी बसून दाखवले नव्हते. फार बरं वाटलं.

आणि तिथंच, कागदाकडं बघत, ते तिसऱ्या वेळची हकीकत बोलले.

फिटर यायच्या आधी, सकाळी, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला होता. दोर बांधला. दुसऱ्या गिअरात टाकून भाच्यानं क्लच सोडला. चिखलात चाकं नुसती घसरली. मग गाडी डांबरावर घेतली आणि पुन्हा ओढली. या वेळी आतून जड आवाज आला, इंजिन किंचित फिरलं आणि पुन्हा जाम झालं. भाचा म्हणत होता, मामा, नको, फिटरला येऊ दे. ओढायला सांगितलं ते गुरुजींनीच. त्यांना त्या दिवशी तालुक्याला वेळेत पोचायचं होतं. आणि पुढचे तीन आठवडे ते भाच्याला म्हणत राहिले की तू पाण्यात सेल्फ मारलास म्हणून इंजिनाची वाट लागली. गाडीची चावीही काढून घेतली होती.

डायल गेज किती वाकलं ते सांगतो, कधी वाकलं ते सांगत नाही. मोरीत इंजिन बंद पडलं तेव्हा रॉडला पहिला मार बसला असेल, ते मी नाकारत नाही. पण कमी आरपीएमवर आचके देत बंद पडलेलं इंजिन पुष्कळदा वाचतं. सेल्फची मोटर "ठक्" करून थांबते, तिची ताकद मर्यादित असते. तरी ठक् झाल्यावर पुन्हा मारू नये, हेही खरंच. ट्रॅक्टर मात्र थांबत नाही. चाकं डांबराला धरलेली, मागं हजार किलोची गाडी, पुढं ट्रॅक्टर, आणि हा सगळा जोर गिअरबॉक्समधून येऊन चार चमचे पाण्यावर पडतो. माझ्या हिशेबानं रॉड वाकला तो डांबरावर. हे मी गुरुजींना तसंच सांगितलं, आणि भाचा समोर असताना सांगितलं.

पाण्यात गाडी बंद पडली तर काय करायचं, हे मला खानापूर, निपाणी, चिकोडीकडून फोनवर विचारतात, म्हणून इथंच लिहितो. सेल्फ मारू नका. चावी बंद करून गाडी माणसांनी ढकला, न्यूट्रलमध्ये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑइलची काडी बघा, पातळी वाढली असेल किंवा रंग दुधाळ असेल तर ते ऑइल घेऊन इंजिन फिरवायचंच नाही. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा आणि डबाही कोरडा असेल तर बहुधा पाणी आत गेलेलं नाही. ओला असेल तर हिटर प्लग, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढून मगच क्रँक हातानं, पान्यानं फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. आणि टर्बो डिझेल असेल तर इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचे, पाइप सोडून तो रिकामा केल्याशिवाय चालू करू नका. सिलिंडर कोरडे करून इंजिन चालू केलं, पहिला रेस दिला आणि इंटरकूलरच्या तळात साचलेलं पाणी एकदम आत गेलं, असं होतं. एकदा वाचलेलं इंजिन दुसऱ्यांदा मरतं. ओढून चालू करणं तर नकोच नको.

खानापूरच्या त्या फिटरनं प्लग काढून पाणी काढलं हे योग्यच केलं. त्याच्याकडं गेज नव्हता. असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

दुरुस्तीचं थोडक्यात. तिसरा रॉड आणि पिस्टन बाहेर काढले. रॉड डोळ्याला जेमतेम वाकडा दिसत होता. पिस्टनच्या स्कर्टवर तिरपी घासण, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. बेअरिंगच्या वाट्या कडेनं चकाकलेल्या. क्रँक उद्यमबागेत नेला, व्ही-ब्लॉकवर फिरवून बघितला, दोन शतांशाच्या आत निघाला, तडा नाही. तिथला लेथवाला कन्नड बोलणारा, मी मराठी. पण क्रँक, हेड, बेअरिंग, सेल्फ, गॅस्केट हे शब्द दोन्हीकडं तेच, त्यामुळं कामाच्या बोलण्यात कधी अडत नाही. तिसऱ्या बोअरला हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) पुरलं, मापात अंडाकृती फरक नव्हता.

वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून घालतो असं एकानं सुचवलं, निम्म्या खर्चात. मी नाही म्हटलं. एकदा वाकलेलं पोलाद सरळ दिसतं, सरळ राहत नाही. नवा रॉड घेतला, वजनाच्या काट्यावर बाकी तिघांशी जुळवला. पिस्टन, रिंग, सगळ्या बेअरिंग वाट्या, रॉडचे आणि हेडचे बोल्ट नवे, कारण हे बोल्ट ताणून बसतात, पुन्हा वापरायचे नसतात. टर्बोच्या शाफ्टला ढिलेपणा नव्हता. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र दुधाळ निघालं, ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी गेलं होतं. तिकडं तोवर कुणी बघितलंच नव्हतं. मोरीतून बंद पडून आलेल्या प्रत्येक गाडीचं गिअर ऑइल बघा.

इन्शुरन्सचं गुरुजींना फार लागलं. पॉलिसी "फुल" होती. आपल्याकडच्या पॅकेज पॉलिसीत पूर येऊन झालेलं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी असताना इंजिन फिरवल्यामुळं आतले भाग मोडले तर कंपन्या त्याला परिणामी नुकसान म्हणतात आणि वगळतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते यांच्याकडं नव्हतं. शिवाय कळवलं तीन आठवड्यांनी, गाडी चालवून झाल्यावर. सर्व्हेअर येऊन बघून गेला आणि नाही म्हणाला. मला राग आला होता, पण शांतपणे विचार केल्यावर रॉडच्या बाबतीत त्याचं म्हणणं खोडता येत नाही. त्याच संध्याकाळी फोन करून कळवलं असतं, गाडी हलवायच्या आधी फोटो काढले असते, तर साफसफाई, ऑइल, फिल्टर, टोचन यांचे पैसे मागता आले असते. नूतनीकरणाचा कागद इंग्रजीत असतो, एजंट सही कुठं करायची ते दाखवतो, आणि कव्हरच्या यादीतली ती एक ओळ कुणी वाचून दाखवत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर गाडी असणाऱ्यानं ती ओळ मोठ्यानं वाचून घ्यावी.

इंजिन जोडून झाल्यावर पुन्हा गेज लावला. २७, २७, २७, २६.५. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायला बोलावलं, हजाराला पुन्हा ऐकायला. गिअर ऑइल दोन्ही वेळा काढून बघितलं, दुसऱ्या खेपेला स्वच्छ होतं.

गाडी न्यायला दोघं सकाळी लवकर आले. गुरुजींनीच तशी वेळ मागितली होती, रात्रभर थंड झालेलं इंजिन त्यांना ऐकायचं होतं. मी चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भाच्याला दिली आणि स्वतः बॉनेटजवळ उभे राहिले. पहिल्या सेल्फला चालू झाली. धूर नाही, थरथर नाही. पाचेक मिनिटं ते कान देऊन तसेच उभे होते. मग डाव्या बाजूला जाऊन बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "चल बाळा. सावकाश घे, मला काही घाई नाही."